संकेतार्थ आणि संमती : वर्ध्याचे दोन मसुदे

युद्ध वा लष्करी मैत्री यांविषयी राष्ट्राची संमती कोणत्या वाक्यरूपात व्यक्त होते, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच भाषाभ्यासाचाही आहे. वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने संमत केलेले दोन मसुदे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. ते मुळात इंग्रजीत असले, तरी प्रस्तुत विवेचन त्यांतील अर्थाच्या मांडणीपुरते आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. त्यावर १४ सप्टेंबरला वर्ध्याहून निघालेल्या निवेदनाचा मसुदा जवाहरलाल नेहरूंचा होता. त्यात सरळ होकार नाही व नकारही नाही. युद्ध साम्राज्य राखण्यासाठी असेल तर हिंदुस्थानचा त्याच्याशी संबंध नाही. लोकशाहीसाठी असेल तर आस्था आहे, असा त्याचा आशय. संकेतार्थी वाक्यातील अट येथे दुसऱ्या पक्षावर पडते. बिनशर्त, पण अहिंसक पाठिंबा द्यावा, असे मानणारे गांधीजी एकटे पडले. १४ जुलै १९४२ च्या ठरावातही हाच क्रम आढळतो : आधी ब्रिटिश सत्तेने जावे, मग दोस्तांच्या फौजा जपानी आक्रमणाविरुद्ध येथे राहण्यास हरकत नाही.

याच्याशी स्पेनमधील १२ मार्च १९८६ च्या सार्वमताची तुलना उद्बोधक ठरेल. अटलांटिक कराराच्या संघटनेत राहावे काय, या प्रश्नाच्या आधी मतपत्रिकेवर सरकारच्या तीन अटी छापल्या होत्या : संयुक्त लष्करी रचनेत सामील न होणे, अण्वस्त्रांना बंदी, आणि अमेरिकी सैन्यात क्रमशः घट. मतदाराला मात्र एकच 'होय' वा 'नाही' उपलब्ध होते. होकाराला निम्म्याहून अधिक मते पडली. पुढे १९९९ मध्ये स्पेन त्या लष्करी रचनेत सामील झाला. लोकांना पुन्हा विचारण्यात आले नाही. अट विचारणाऱ्याची स्वतःचीच असली, म्हणजे ती मोडल्याचा जाब मागण्यास व्याकरण पुरे पडत नाही.

तथापि वर्ध्याच्या मसुद्यांतील उणीवही सांगितली पाहिजे. युद्ध व शांतता यांचा निर्णय हिंदी जनतेनेच करावा, असे १९३९ चे निवेदन म्हणते. पण त्या 'जनते'ला कोणी विचारले नव्हते. १९३७ च्या निवडणुकांतील मताधिकारही मालमत्ता, शिक्षण आदींनी मर्यादित होता. स्पेनमध्ये मत होते, पण अट मतदाराच्या हाती नव्हती. वर्ध्यात अट होती, पण मत नव्हते. संमती पूर्ण व्हावयाची तर अट घालण्याचा अधिकार आणि मत देण्याचा अधिकार एकाच हाती असावे लागतात, हाच या तुलनेचा निष्कर्ष होय.