‘रात्रभर उपाशी’ म्हणजे नेमकं किती उपाशी?

प्राण्यांवरच्या प्रयोगांचे शोधनिबंध वाचताना पद्धतीच्या भागात एक वाक्य हमखास भेटतं: ‘उंदरांना रात्रभर उपाशी ठेवले.’ आपण ते वाचून पुढे जातो. आपणही रात्री आठला जेवून सकाळी आठला नाश्ता करतो, त्यात काय विशेष? माझी तक्रार नेमकी या वाक्याबद्दल आहे.

इथे बोलतोय ते माऊसबद्दल, रॅटबद्दल नाही. माऊस निशाचर, बहुतेक खाणं तो अंधारातच उरकतो. म्हणजे आपण त्याला उपाशी ठेवतो ते ऐन जेवणाच्या वेळी. त्यात जीव २५-३० ग्रॅमचा, आणि लहान शरीरात दर ग्रॅममागे ऊर्जा भराभर खर्च होते. एका रात्रीत त्याचं वजन १० टक्क्यांहून जास्त घटू शकतं. ७० किलोच्या माणसाचं रात्रीत सात किलो वजन उतरलं, तर त्याला आपण ‘अल्प उपास’ म्हणू का?

आता पुढचा दावा बघा: ‘उपासानंतर प्राणी चरबीयुक्त अन्न निवडतो.’ पिंजऱ्यात एकाच प्रकारच्या गोळ्या असतील तर निवड झालेलीच नाही. फक्त किती खाल्लं तेवढं कळलं. दोन वाट्या ठेवल्या तरी मोजमापाची गोम उरतेच. समजा, उंदराने कर्बोदकं २ ग्रॅम खाल्ली आणि चरबी १ ग्रॅम. वजनाने पाहिलं तर कर्बोदकं दुप्पट. ऊर्जेने पाहिलं तर ८ विरुद्ध ९ किलोकॅलरी, म्हणजे चरबी पुढे! आकडे तेच, निष्कर्ष उलटा. शिवाय पोट भरलेल्या गटाला त्याच वेळी त्याच दोन वाट्या दिल्या नसतील, तर ही उपासाची करामत की नुसती चवीची आवड, हे सांगताच येत नाही.

रात्रभराचा उपास सरसकट चूक आहे, असं नाही. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा रिकामा करायचा असेल तर तो योग्यच. पण अनेक प्रयोगांना दिवसाचे ५-६ तास पुरतात.

तेव्हा वाचताना विचारा: उपास किती वाजता सुरू झाला, वजन किती घटलं, खाणं कशात मोजलं? निबंधात याची उत्तरं नसतील तर निष्कर्ष जपून वापरा. आणि स्वतःचा प्रस्ताव प्राणी-नीती समितीपुढे नेताना ‘सगळे असंच करतात’ हे कारण देऊ नका. उपाशी आपण राहत नसतो, उंदीर राहतो.