पटावरून गेलेले नाव

शाळेविषयीची पुस्तके बहुधा शिक्षकांनी किंवा शाळेत टिकलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली असतात. शाळेने नापास ठरविलेल्या मुलांनीच शाळेची परीक्षा घ्यावी, असे क्वचित घडते. १९६७ साली इटलीत प्रसिद्ध झालेले 'शिक्षिकेस पत्र' हे त्या दुर्मीळ जातीचे पुस्तक आहे. करुणेचे पाठ देणाऱ्या आमच्या कॅथॉलिक शाळांशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे त्याचा येथे परामर्श घेत आहोत.

पुस्तकाचे लेखक बार्बियाना या डोंगरी खेड्यातील शाळेचे आठ मुलगे. फ्लॉरेन्सच्या सधन व विद्वान घराण्यात जन्मलेले फादर लोरेन्झो मिलानी यांची १९५४ च्या अखेरीस या आडवळणाच्या धर्मग्रामात नेमणूक झाली. शेतकऱ्यांची मुले सरकारी शाळेतून नापास होऊन घरी परतत. फादरांनी त्यांच्यासाठी आपल्या निवासातच शाळा उघडली. तिला सुट्टी ठाऊक नव्हती. भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द होते, 'आय केअर'. फॅसिस्टांच्या 'मला काय त्याचे' या वृत्तीला ते उत्तर होते.

पत्र सर्वांनी मिळून लिहिले. प्रत्येकाने सुचेल ते चिठ्ठीवर टिपायचे, चिठ्ठ्या जुळवायच्या आणि जास्तीचा शब्द सर्वानुमते गाळायचा. म्हणून या गद्यात पाल्हाळ नाही. पत्रातला जियानी शेतकऱ्याचा मुलगा, पियेरिनो डॉक्टरांचा. पुस्तकी भाषा एकाच्याच घरी बोलली जाते; शाळा मात्र दोघांना एकाच मापाने मोजते आणि त्याला न्याय म्हणते. पुढे ही मुले सरकारी आकडे जमवून, नापास होणारी मुले कोणत्या थरातील बापांची आहेत, हे मांडून दाखवितात. पुस्तकाचे खरे सामर्थ्य आम्हांस येथे जाणवते. संतापाला आकड्यांची शिस्त आहे. करुणेलाही हिशेब यावा लागतो, हे त्यातून उमगते.

उणीवही सांगितली पाहिजे. ज्या बाईंना पत्र लिहिले, त्यांना बोलण्याची संधीच नाही. भरलेला वर्ग आणि ठरलेला अभ्यासक्रम यांत अडकलेल्या शिक्षिकेविषयी मुलांच्या मनात दया नाही. पियेरिनोही माणूस न राहता नमुना बनतो. हा एकांगीपणा दोष आहे खरा. परंतु तो काढून टाकला असता तर पत्राचा अर्ज झाला असता, आणि अर्ज कोणी पुन्हा वाचत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गरीब, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेली आणि श्रद्धेच्या देणगीपासून दूर असलेली मुले यांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले. आमच्या शाळा नाताळात अनाथाश्रमाला भेट देतात, उपवासकाळात निधी जमवितात. ते योग्यच आहे. मात्र जियानी विचारतो, वर्गातून कोण गेले? दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवला जातो, तेव्हा त्या निधीचे मोल काय उरते?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचे बंधन घातले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. संस्थांचे स्वातंत्र्य राखले गेले याचे समाधान रास्त आहे. कायद्याचे पुढे काहीही होवो, न्यायालयाने दिलेली ही सूट शुभवर्तमानाने दिलेली नाही.

मिलानी यांचे २६ जून १९६७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी निधन झाले. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानात त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. आमच्या शाळांना तेवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. वर्षाखेरच्या शिक्षकसभेत निकाल वाचण्यापूर्वी त्या वर्षी पटावरून कमी झालेली नावे वाचावीत, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल आज कोठे आहे हे कोणीतरी सांगावे. शंभरावे मेंढरू शोधण्याची सुरुवात तेथूनच होईल.