डब्यातली प्रथिने : एका दाव्याची तपासणी

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी विज्ञानशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गासाठी आम्ही गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांनी आपापले जेवणाचे डबे उघडले. एका शिक्षिकेने मात्र पिशवीतून वेगळाच डबा काढला. त्यातील चमचाभर पूड बाटलीतील पाण्यात घालून ती हलवली, प्यायली, आणि डबा आमच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "सर, दोन महिन्यांत नऊ किलो उतरलं. पण परवा प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली. केसही फार गळताहेत. या डब्यावर लिहिलंय त्यातलं खरं किती, ते सांगाल का?"

पुढे त्या जे म्हणाल्या ते आम्हांला अधिक अस्वस्थ करणारे होते. त्यांचे वजन उतरलेले पाहून दहावीच्या वर्गातील दोन मुलींनी घरून डबा आणणे बंद केले होते. बाई काही पितात तेच आपणही प्यावे, असे त्यांनी ठरवले होते. म्हणजे प्रश्न एका व्यक्तीच्या आहाराचा राहिला नव्हता. शिक्षकाचे ताट हेही मुलांच्या दृष्टीने पाठ्यपुस्तकाचे एक पान असते.

म्हणून डब्यावरचे दावे एकेक करून तपासू या. आपण प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहावयास शिकवतो. येथेही तेवढेच करावयाचे आहे.

दावा पहिला : प्रथिने चरबी जाळतात

या दाव्यात सत्याचा अंश आहे, तो आधी मान्य करू. अन्न पचवण्यासाठी, शोषण्यासाठी आणि त्याची विल्हेवाट लावण्यासाठी शरीराला ऊर्जा खर्च करावी लागते. पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत हा खर्च त्यांतील ऊर्जेच्या ५ ते १० टक्के, स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत ० ते ३ टक्के, तर प्रथिनांच्या बाबतीत २० ते ३० टक्के असतो. जाहिरातीत हीच टक्केवारी ठळक छापतात.

आता गणित करू. एका मापात २४ ग्रॅम प्रथिने आहेत असे धरा. एका ग्रॅमपासून ४ किलोकॅलरी, म्हणजे एकूण ९६ किलोकॅलरी. त्यांतील २० ते ३० टक्के म्हणजे सुमारे १९ ते २९ किलोकॅलरी पचनात खर्च होतील. तेवढ्याच ऊर्जेची भाकरी खाल्ली असती, तरी ५ ते १० किलोकॅलरी खर्च झाल्याच असत्या. निव्वळ फायदा उरला १५ ते २० किलोकॅलरींचा. एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, साखरेत २० किलोकॅलरी असतात. चहात एक चमचा साखर कमी घातली की हिशेब पुरा होतो.

याच्या उलट बाजूही पाहा. पूड नेहमीच्या जेवणाऐवजी न घेता जेवणाच्या जोडीला घेतली, आणि तीही पाव लिटर दुधात, तर पुडीच्या सुमारे १२० आणि दुधाच्या सुमारे १६५ अशा मिळून २८५ किलोकॅलरी रोज वाढल्या. म्हणजे जवळजवळ तीन पोळ्या. वजन उतरवण्यासाठी घेतलेली पूड वजन वाढवते, ती अशी. शरीरात प्रथिनांचे कोठार नसते. गरजेपेक्षा जास्त आलेल्या अमिनो आम्लांतील नायट्रोजन यकृतात युरियाच्या रूपात वेगळा होतो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. उरलेला कर्बाचा सांगाडा इंधन म्हणून वापरला जातो, किंवा साठवला जातो. डब्यातून आला म्हणून त्याला वेगळी वागणूक मिळत नाही.

मग प्रथिनांचा उपयोग काहीच नाही काय? आहे. एक म्हणजे, प्रथिनयुक्त जेवणाने पोट भरल्याची भावना अधिक वेळ टिकते. दुसरे म्हणजे, वजन उतरते तेव्हा केवळ चरबीच जाते असे नाही. ढोबळ मानाने उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा स्नायू आणि इतर चरबीविरहित ऊतींचा असतो. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम या दोहोंमुळे ही हानी कमी होते. मात्र यांपैकी कोणताही गुण पुडीचा नाही, तो प्रथिनांचा आहे. उसळीतील प्रथिनांनाही तो तितकाच लागू पडतो.

दावा दुसरा : आपल्या जेवणात प्रथिने पुरत नाहीत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम.

आता साधे ताट मांडू. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारी किंवा गव्हाचे पीठ : सुमारे २१ ग्रॅम प्रथिने. तूरडाळ ३० ग्रॅम : साडेसहा. मोड आणण्यापूर्वी तोललेली मटकी ४० ग्रॅम : साडेआठ. दूध, दही किंवा ताक मिळून पाव लिटर दूध : आठ. मधल्या वेळचे मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, फुटाणे : साडेसहा. बेरीज ५० ग्रॅमच्या थोडी पुढेच जाते. भाजी आणि चार चमचे तेल धरून या ताटाची ऊर्जा सुमारे १४०० किलोकॅलरी होते. बहुतेक प्रौढांचे वजन हळूहळू उतरावे इतकी ती कमी आहे. वजन उतरवताना प्रथिने थोडी वाढवावीत असे कोणास वाटले, तर एका अंड्याने ६ ग्रॅम आणि २५ ग्रॅम सोयावड्यांनी सुमारे १३ ग्रॅम वाढतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत मेथिओनिन कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. डाळ-भात आणि उसळ-भाकरी या जोड्या म्हणूनच शहाणपणाच्या आहेत.

तरीही हा दावा सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. सकाळी चहा-बिस्किट, शाळेत पोहे, रात्री भात आणि पातळ आमटी अशा दिवसाची बेरीज करून पाहिली, तर ती ५० च्या बरीच खाली येते. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्यात प्रथिने नसल्यातच जमा असतात. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. तेव्हा आपल्या ताटात उणीव असू शकते, हे निदान खरे आहे. पण त्यावरचे औषध डब्यातच आहे, हे अनुमान त्यातून निघत नाही. निदान खरे सांगून औषध भलतेच विकण्याची रीत जुनीच आहे.

दावा तिसरा : एका मापात २४ ग्रॅम

हा आकडा येतो कोठून? डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची एक पद्धत शोधली. ती आजही वापरात आहे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचे प्रमाण मिळते. लक्षात घ्या, येथे मोजला जातो तो नायट्रोजन. प्रथिन हे त्यावरून काढलेले अनुमान असते.

अनुमानात फट असली की लबाडी तेथून शिरते. मेलामाइन या रसायनात सुमारे ६७ टक्के नायट्रोजन असतो. ६.२५ ने गुणा : एक ग्रॅम मेलामाइन चार ग्रॅमांहून अधिक प्रथिन भासते. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात हेच मिसळले गेले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बालके दगावली. प्रथिनपुडीत ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळण्याचा प्रकार इतका भीषण नसला, तरी तर्क तोच आहे. एक ग्रॅम ग्लायसिन या हिशेबात १.१७ ग्रॅम प्रथिन ठरते.

आपल्याकडील अनुभव काय? भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची तपासणी २०२४ साली 'मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के नमुन्यांत वेष्टनावरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. काहींत तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून येणारी अफ्लाटॉक्सिन ही विषे सापडली. सगळेच डबे असे असतात असा याचा अर्थ नाही. पण वेष्टनावरील आकडा म्हणजे पुरावा नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके टाळावीत असाच सल्ला दिला आहे.

दावा चौथा : एक माप म्हणजे एक जेवण

सर्वांत धोक्याचा दावा हा. त्या शिक्षिकांचा दिवस आम्ही कागदावर मांडला. दोन मापे पूड, पाण्यात. काकडी. रात्री एक भाकरी. प्रथिने पन्नासच्या वर, म्हणजे बेरीज उत्तम. ऊर्जा मात्र सगळी मिळून जेमतेम ४५० किलोकॅलरी.

असा प्रयोग जगात पूर्वी झालेला आहे. अमेरिकेत रॉबर्ट लिन यांचे 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक १९७६ साली आले. अन्न बंद करून केवळ द्रवरूप प्रथिन प्यावे, असा त्याचा मथितार्थ होता. हे द्रव कत्तलखान्यातील कातडी, स्नायुबंध अशा अवशेषांतील कोलॅजेनपासून बनत असे. दिवसाला ४०० किलोकॅलरींहूनही कमी ऊर्जा. लोकांची वजने भराभर उतरली. १९७७ अखेरपर्यंत अशा आहारावरील सुमारे ६० जणांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी १७ जणांचा बारकाईने अभ्यास केला गेला, तेव्हा हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू आल्याचे दिसले.

कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. नायट्रोजन मोजणाऱ्या पद्धतीला मात्र ही उणीव दिसत नाही. आजच्या दुधाच्या निवळीपासून केलेल्या पुडीत हा दोष नाही. तिची प्रथिने उच्च प्रतीची असतात. तथापि दुसरा दोष कायम राहतो. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर ते आलेली प्रथिने इंधन म्हणून जाळते. भिंत बांधण्यासाठी आणलेले लाकूड चुलीत जाते. शिवाय पोटॅशियम, लोह, फोलेट, तंतुमय पदार्थ या ज्या गोष्टी भाजी, डाळ आणि भाकरीबरोबर न मागता येतात, त्या पुडीबरोबर येतीलच असे नाही. हृदयही एक स्नायूच आहे. उपासमार त्याच्याही वाट्याला येते.

त्या शिक्षिकांना आलेली अंधारी आणि केसगळती यांचे निदान करणे हे आमचे काम नव्हते. डॉक्टरांकडे लगेच जा, रक्त तपासून घ्या आणि जेवण सुरू करा, एवढेच आम्ही सांगितले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवूच नयेत. मधुमेही व्यक्तींना हा विकार जडलेला असूनही पुष्कळदा त्याची जाणीव नसते, हेही ध्यानात ठेवावे.

मग पूड कोणासाठी?

पूड हे विष नव्हे, जादूही नव्हे. ती वाळवलेला दुग्धजन्य पदार्थ आहे. आजारातून उठलेले, चावून खाऊ न शकणारे वृद्ध, कठोर सराव करणारे खेळाडू यांना डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिचा उपयोग होऊ शकतो. वाढीच्या वयातील मुलामुलींनी जेवणाऐवजी ती घेण्याचे मात्र कोणतेही कारण आम्हांला दिसत नाही.

वर्गासाठी

प्रशिक्षणवर्गाच्या उरलेल्या वेळात आम्ही तोच डबा प्रयोगाला घेतला. शाळेत सहज करता येईल असा हा प्रयोग आहे. चिमूटभर पूड, बेसन, साबुदाण्याचे पीठ आणि साखर वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत पाण्यात कालवा. प्रत्येकीत मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचे दहा थेंब घालून हलवा. प्रथिने असतील तेथे जांभळा रंग येतो. हा रंग येण्यास अमिनो आम्लांची साखळी लागते. सुटे ग्लायसिन किंवा मेलामाइन तेथे फसवू शकत नाही. दुसऱ्या संचात आयोडीनचे थेंब टाका. पुडीत पिष्ट मिसळले असेल तर निळा-काळा रंग दिसेल. दोन्ही रसायने अपायकारक आहेत, तेव्हा थेंब शिक्षकांनीच घालावेत. आणि या प्रयोगातून प्रथिन आहे की नाही एवढेच कळते, किती आहे ते कळत नाही, हेही मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरा उपक्रम रसायनांशिवायचा. पूड, फुटाणे, शेंगदाणे, सोयावड्या, अंडी आणि दूध यांचे आपल्या गावातील भाव मुलांना आणावयास सांगा. प्रत्येकातील प्रथिनांच्या ग्रॅमांनी किमतीला भागा. येणाऱ्या आकड्यांचा तक्ता वर्गात लावा. त्यावर भाषण देण्याची गरज पडणार नाही.

निघताना त्या शिक्षिका म्हणाल्या, "सर, सोमवारी त्या दोघी मुलींसमोर बसून जेवते." डब्यावरच्या साऱ्या मजकुरापेक्षा हे वाक्य आम्हांला अधिक शास्त्रीय वाटले.