कडक ख्रिस्ती घर आणि संशयी वाचक : ‘स्मृतिचित्रे’च्या आधारे एक पुनर्विचार

प्रास्ताविक

मराठीत ख्रिस्ती व्यक्तींनी आपल्या श्रद्धेविषयी आणि घराविषयी केलेल्या लेखनाची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी व ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, पंडिता रमाबाईंची ‘माझी साक्ष’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रकाशित) हे या परंपरेतील ठळक टप्पे होत. या लेखनाचे वाचन प्रायः दोन रीतींनी झालेले दिसते. भाविक वाचक त्याकडे ‘साक्ष’ म्हणून पाहतो, तर संशयी वाचक त्याच मजकुरातून त्या घराविरुद्धचा पुरावा गोळा करतो. घरातील प्रार्थनेच्या वेळा, आज्ञापालनाचा आग्रह, मुलांवरील संस्कार आणि स्त्रीचे स्थान यांवर त्याची नजर असते. ‘या कडकपणाची किंमत कोण मोजतो?’ हा त्याचा मुख्य प्रश्न असतो.

हा प्रश्न रास्त आहे, यात शंका नाही. मात्र तो कोणी, कोणत्या घराला आणि कोणाच्या वतीने विचारला, यावर त्याचे मोल अवलंबून असते. ही कसोटी मराठी वाङ्मयात सर्वांत प्रामाणिकपणे कोठे लावली गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कडकपणाचा स्थानिक संदर्भ

वाशिमच्या वाचकाला कडक ख्रिस्ती आचार ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. येथील रेनॉल्ड्स मेमोरिअल हॉस्पिटल विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात चर्च ऑफ द नाझरीन या पंथाने उभारले. १९३६ मध्ये भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांचे नाव या रुग्णालयाच्या जडणघडणीशी जोडले गेलेले आहे. नाझरीन पंथ १९०८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील पायलट पॉइंट येथे संघटित स्वरूपात आला. एकोणिसाव्या शतकातील ‘पवित्रता’ चळवळीचा वारसा त्याच्याकडे आहे. परिवर्तनानंतर मनुष्याचे अंतःकरण पूर्णपणे शुद्ध होऊ शकते, या शिकवणीमुळे दैनंदिन आचाराला त्यात असाधारण महत्त्व आले. दारू व तंबाखू वर्ज्य करणे, नाच व नाटकशाळेपासून दूर राहणे, वेषभूषेत साधेपणा राखणे असे नियम या पंथाच्या नियमपुस्तिकेत पूर्वीपासून आढळतात.

तथापि नियमबद्ध घर ही ख्रिस्ती समाजाची मक्तेदारी नव्हे. गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर मांसाहार सोडणारे वारकरी घर, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणारे कारंज्याचे जैन घर, उपदेश घेतल्यानंतर अन्य देवतांची पूजा सोडणारे महानुभाव घर ही या जिल्ह्याच्या परिचयाची आहेत. यांपैकी कोणत्याही घराकडे बाहेरून पाहणाऱ्यास त्याचे नियम विचित्र वाटू शकतात आणि आतून जगणाऱ्यास तेच नियम आधारासारखे वाटू शकतात. म्हणून नियमांच्या संख्येवरून किंवा वेगळेपणावरून घराची परीक्षा होऊ शकत नाही. नियम पाळणाऱ्यांपैकी ज्याचे घरात सर्वांत कमी चालते, त्याला ‘नाही’ म्हणता येते काय, हे पाहावे लागते.

परस्परांच्या घरात डोकावणे

एकोणिसाव्या शतकातील धर्मविवादात या कसोटीचा अभाव जाणवतो. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले वाद शास्त्राविरुद्ध शास्त्र असे होते. घरातील माणसांचे म्हणणे हा त्यांचा विषय नव्हता. त्याआधी १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मोठा वाद झाला. श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि पुढे त्याला स्वजातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. शुद्धीकरणाला विरोध करणाऱ्या सनातन्यांपेक्षा बाळशास्त्रींची भूमिका निःसंशय उदार होती. तरीही मिशन, पिता, जात आणि न्यायालय अशा चारही पक्षांच्या युक्तिवादात मुलगा कोणाचा, हाच प्रश्न मुख्य राहिला. मुलाला काय वाटते, हा प्रश्न दुय्यम ठरला.

‘यमुनापर्यटन’ने मात्र घराचा दरवाजा उघडला. यमुना आपल्या पतीसह प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांची दैना पाहते. येथे ख्रिस्ती विचाराकडे झुकलेली नायिका हिंदू घरांची संशयी निरीक्षक आहे. रूढीची किंमत कोण मोजते, हे पदमनजी स्पष्टपणे दाखवतात आणि त्यांचे उत्तर खरे आहे. ती किंमत केशवपन झालेली, घराच्या कोपऱ्यात ढकललेली बाई मोजते. या कादंबरीची नैतिक शक्ती याच ठिकाणी आहे, आणि तिची मर्यादाही याच ठिकाणी आहे. जी तपासणी जुन्या घराची होते, ती नव्या घराची होत नाही. नवा धर्म हा तेथे उत्तर म्हणून येतो. त्याला प्रश्न विचारले जात नाहीत.

शारदा सदनाच्या वादात हीच गोष्ट उलट दिशेने घडली. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले हे सदन पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आले. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस उपस्थित राहतात, हे कळल्यावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रयासाठी आलेल्या मुलीवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा दाब येतो काय, ही शंका निराधार म्हणता येत नाही. परंतु त्या वादात संमतीचा विचार झाला तो पालकांच्या संमतीचा. ज्या बालविधवेला परत नेले जाणार होते, तिच्यापुढे कोणते आयुष्य वाढून ठेवले होते, याची चौकशी टीकाकारांनी त्याच तळमळीने केली नाही. संशय एका घरापुरता राहिला की तो पक्षपात बनतो, हे या प्रकरणातून ध्यानात येते.

वाँटेजचा पत्रव्यवहार

रमाबाईंचे स्वतःचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसणाऱ्या रमाबाई श्रद्धावान असूनही आज्ञाधारक नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न उपस्थित करतात, धर्मगुरूचा शब्द अंतिम मानण्यास नकार देतात आणि मनोरमेच्या धर्मशिक्षणावर मातेचा अधिकार सांगतात. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसतो, तर रमाबाईंना त्यात सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिसते. एकाच धर्माच्या छताखाली आज्ञा आणि विवेक यांचा हा झगडा आहे.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनाची सर्वाधिकारी स्त्री या नात्याने रमाबाई स्वतः एका शिस्तबद्ध ख्रिस्ती वसाहतीच्या केंद्रस्थानी आल्या. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाचे वृत्त जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत पोहोचले. सामूहिक प्रार्थना, अश्रू, पापांची कबुली यांनी भारलेल्या त्या वातावरणात एखाद्या मुलीला वाँटेजच्या रमाबाईंसारखा प्रश्न विचारता आला असता काय? हा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे दुष्काळातून आणि वैधव्यातून शेकडो स्त्रियांना वाचवणाऱ्या कार्याचा अवमान करणे नव्हे. उलट, रमाबाईंनीच घालून दिलेल्या मापाने त्यांचे घर मोजणे हा त्यांच्या विचाराचा सन्मानच ठरतो.

‘स्मृतिचित्रे’ : दोन घरे, एक माप

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) वेगळेपण ठसठशीतपणे दिसते. ‘स्मृतिचित्रे’मधील पहिले कडक घर ख्रिस्ती नाही, ते लेखिकेच्या वडिलांचे, जलालपूरच्या नाना गोखल्यांचे आहे. १८५७च्या उठावात सासऱ्यांना फाशी झाल्यानंतर नानांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेतला जात नसे. पाण्यात विरघळणारे मीठही त्यातून सुटले नाही. लक्ष्मीबाई हे सांगताना वडिलांना खलपुरुष ठरवत नाहीत. सोवळ्यामागील भीती त्यांना दिसते, आणि त्या सोवळ्यापायी घरातील बायकामुलांनी उपसलेले कष्टही दिसतात. वाचकाला हसू येते, परंतु ते हसू माणसाला वगळून केवळ त्याच्या वेडावर रोखलेले नाही.

दुसरे घर पतीचे आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता, मात्र त्याचे परिणाम पत्नीला भोगावे लागले. विरहाची वर्षे, नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस, मनाची झालेली दशा यांचे चित्रण लक्ष्मीबाई कोणताही आडपडदा न ठेवता करतात. नंतर पतीच्या श्रद्धेत सहभागी झालेल्या लेखिकेने पूर्वीचे हे दुःख ‘ईश्वरी योजना’ म्हणून गुळगुळीत केलेले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. साक्ष देणाऱ्या लेखनात पूर्वायुष्य अंधार आणि उत्तरायुष्य प्रकाश अशी वाटणी सहसा होते. ‘स्मृतिचित्रे’ ती वाटणी नाकारते.

पतीकडे परतल्यानंतरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे आणि स्वतंत्र स्वयंपाकपाणी राखले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, असे मनाने घेतल्यानंतरच त्यांनी ते सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. या क्रमाला विशेष अर्थ आहे. पतीचा धर्म हा पत्नीवर लादलेला नियम ठरला नाही, कारण मधल्या काळात तिच्या ‘नाही’ला त्या घरात जागा मिळाली. टिळक शीघ्रकोपी, लहरी, हातचे राखून न ठेवणारे होते. घरखर्चाची चिंता न करता ते दान करीत. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हाही संसाराची ओढाताण पत्नीच्या वाट्यास आली. लक्ष्मीबाई हा सर्व हिशेब वाचकापुढे मांडतात. परंतु त्यावर निकाल देण्याची घाई करत नाहीत.

अशा प्रकारे वडिलांचे सोवळे आणि पतीचा त्याग ही दोन्ही टोके लक्ष्मीबाई एकाच मापाने मोजतात. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईवर त्याचा भार किती पडला, हे ते माप होय. पदमनजींनी ते फक्त जुन्या घराला लावले, सदनाच्या टीकाकारांनी फक्त नव्या घराला लावले. लक्ष्मीबाईंनी ते दोन्ही घरांना लावले. शिवाय असे करताना त्या श्रद्धेबाहेर गेल्या नाहीत. पतीच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेणारी लेखिका हीच आहे.

समकालीन प्रस्तुतता

हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. अमेरिकेत बिल गोथर्ड यांच्या कठोर कौटुंबिक शिकवणीचे अनुसरण करणारे दुग्गर कुटुंब २००८ ते २०१५ या काळात दूरचित्रवाणी मालिकेमुळे घरोघरी पोहोचले. भाविकांनी त्यांना आदर्श मानले, तर संशयी प्रेक्षकांनी त्यांच्या प्रत्येक सवयीची चिरफाड केली. पालकांच्या आज्ञेत वाढणाऱ्या मुलींविषयी त्यांनी व्यक्त केलेल्या चिंतेत तथ्य होते. परंतु या चर्चेत एक मोलाची भर पडली ती घरातूनच. कन्या जिंजर दुग्गर वुओलो यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात गोथर्ड यांची शिकवण नाकारली, मात्र ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही. भाविक आणि संशयी अशा दोन्ही ठरावीक वाचनांना अडचणीत आणणारी ही भूमिका आहे. ‘स्मृतिचित्रे’च्या मराठी वाचकाला ती अपरिचित वाटू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. आतला आवाज हाच प्रमाण मानला, तर ज्यांना आवाजच मिळाला नाही, त्यांचे काय? लक्ष्मीबाईंना लिहायला शिकवणारा पती आणि छापणारे प्रकाशक लाभले. प्रत्येक घरातील बाईला ते लाभत नाहीत. हा आक्षेप ग्राह्य आहे. म्हणूनच बाहेरच्या संशयी नजरेची गरज कायम राहते, विशेषतः जेथे मूल आहे आणि जेथे बाहेर पडण्याची वाट बंद आहे. मात्र त्या नजरेचे काम आतल्या आवाजाला वाट करून देणे हे आहे. त्याच्या जागी स्वतः बोलणे हे नव्हे.

समारोप

कडक श्रद्धेच्या घराविषयी संशय बाळगणे हा समीक्षेचा अधिकार आहे. त्या अधिकारासोबत एक अटही येते. जो प्रश्न दुसऱ्याच्या घराला विचारला, तोच आपल्या घराला विचारण्याची तयारी असली पाहिजे. महाविद्यालयीन वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना ते बहुधा विनोद, साधी भाषा व पतिपत्नीच्या प्रेमाची कहाणी या तीन मुद्द्यांत आटोपले जाते. विद्यार्थ्यांपैकी कोणी माळकरी, कोणी जैन, कोणी मुस्लीम, कोणी ख्रिस्ती घरातून आलेला असतो, आणि प्रत्येकाच्या घरात काही नियम असतात. त्या नियमांचा भार कोणाच्या डोक्यावर आहे, हा प्रश्न नानांच्या घरातील त्या धुतलेल्या मिठाच्या निमित्ताने वर्गात विचारता येतो. त्यासाठी कोणाच्याही धर्माची टवाळी करावी लागत नाही.