वेबर यांचा प्रबंध आणि आपण

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचा ‘प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती’ हा प्रबंध १९०४-०५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. युरोपच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला तो आजही टाळता येत नाही. कॅथलिक वाचकाच्या मनात मात्र तो एक सल ठेवून जातो. आपली श्रद्धा उद्यमाला पोषक नव्हती, असा सूर त्यातून ऐकू येतो. तो कितपत खरा, हे अभिनिवेश बाजूस ठेवून तपासावे असे आम्हांस वाटते.

वेबर सांगतात ते थोडक्यात असे: लूथरने ऐहिक व्यवसायाला ईश्वरी पाचारणाची प्रतिष्ठा दिली. कॅल्विनच्या अनुयायांत, आपण तारणासाठी निवडलेले आहोत की नाही या चिंतेतून, शिस्तबद्ध कष्टांची वृत्ती वाढली. कमावलेले उधळायचे नाही, म्हणून भांडवल साठले. मठातील संयम बाजारपेठेत आला, हे त्यांचे निरीक्षण आम्हांस या प्रबंधाचे मर्म वाटते.

परंतु लूथरचा उठाव १५१७ सालचा. त्यापूर्वीच, १४०७ साली, जिनोआत सेंट जॉर्जची पेढी उभी राहिली होती. पेरूजियात १४६२ साली फ्रान्सिस्कनांच्या प्रेरणेने गरिबांना अल्प व्याजाने कर्ज देणारी तारण-पेढी निघाली. जमाखर्चाच्या दुहेरी नोंदीचे विवेचन १४९४ साली व्हेनिसमध्ये छापले, ते लूका पाचोली या फ्रान्सिस्कन व्रतस्थाने. वेबर व्यापाराची ही प्राचीनता नाकारीत नाहीत. ऑग्सबर्गच्या याकोब फुगरचे उदाहरण देऊन, तेथे धाडस होते, नीती नव्हती, असे ते म्हणतात. हा भेद आम्हांस फार सोयीचा वाटतो.

प्रबंधाची खरी उणीव निराळीच आहे. श्रद्धेकडे पाहताना संस्था दुर्लक्षिल्या जातात. व्हेनिसच्या महासभेचे दार १२९७ पासून जुन्या घराण्यांपुरते मिटत गेले आणि नव्या व्यापाऱ्यांची वाट अरुंद झाली. धर्म तोच होता. उलट कॅथलिक बेल्जियमने १८३१ साली संसदेला बळ देणारी राज्यघटना स्वीकारली, १८३५ साली रेल्वे सुरू केली आणि युरोपच्या मुख्य भूमीवर उद्योगीकरणात आघाडी घेतली. कोळशाचा वाटा होताच. पण श्रद्धा आड आली नाही.

म्हणून आपण विजयी मुद्रेने ग्रंथ मिटावा काय? तसे करता येत नाही. मेन्झच्या आर्चबिशपांनी पदासाठी फुगरकडून कर्ज काढले आणि क्षमापत्रांच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा त्याच्या फेडीत गेला, हा आपलाच इतिहास आहे. शिवाय बेकर आणि वोसमान या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली एकोणिसाव्या शतकातील प्रशियाची आकडेवारी तपासून दाखविले की, प्रॉटेस्टंट जिल्ह्यांच्या अधिक समृद्धीचा उलगडा बव्हंशी साक्षरतेने होतो. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे, या आग्रहातून तेथे शाळा निघाल्या होत्या.

वेबर यांचे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या दाराशी उभा आहे. सभेचे दार किती जणांना उघडे आहे आणि घरातले पुस्तक किती हातांत जाते, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावे.