चोचीएवढीच मशागत

वाशिम जिल्ह्यात ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की जे रान मागे उरतं, त्या रानात टोकण यंत्र चालताना पाहावं. विळ्याने जमिनीलगत कापलेली धसकटं, त्यांच्यामधे गळून वाळलेला पाला आणि त्याखाली बोट घातलं तर अजून गार लागणारी काळी माती. रिवाज असा की आता रोटाव्हेटर फिरवायचा, वखराची पाळी द्यायची आणि मग हरभरा पेरायचा. पण उलथलेल्या मातीतली ओल ऊन ओढून घेतं, आणि कोरडवाहू हरभऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे तीच ओल. हाताने ढकलायचं टोकण यंत्र रान न मोडता थेट त्या ओलीपाशी जातं.

दिसायला ते अगदीच साधं. लांब दांडा, मधे बियाण्याचा ड्रम, त्याच्या परिघावर लोखंडी चोची आणि मागे माती दाबणारं चाक. सगळी नजाकत चोचीत आहे. हवेत असते तोवर ती मिटलेली. मातीत शिरली की जमिनीच्या दाबाने तिची हलती बाजू उघडते, आत थांबलेला दाणा सुटतो आणि चोच वर येता येता स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. उघडायचं कधी, हे ढकलणाऱ्याला ठरवावं लागत नाही. ते माती ठरवते. मागचं चाक भोक बुजवून पुढे जातं. ओळीच्या मधली जमीन, तिच्यावरचा पाला, तिच्या आतली मुळं यांना धक्काही लागत नाही.

आता हीच गोष्ट तिफणीशी लावून बघा. तिफण मला प्रिय आहे. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हाताला जे मोजमाप कळतं त्याला तोड नाही. पण तिफणीचा फण ओढला जातो. पाला असेल तर तो फणाला अडतो, साचतो, ढीग होऊन तासभर फरफटत जातो, म्हणून तिफणीला आधी स्वच्छ रान लागतं. चोच वरून टोचते. पाल्याला बाजूला सारायची तिला गरजच पडत नाही. मुठीचं काम इथे ड्रममधला रोलर करतो. त्याच्या खाचेत एक-दोन दाणे बसतात. हरभऱ्याला एक रोलर, सोयाबीनला दुसरा. चोची कमी-जास्त केल्या की दोन रोपांतलं अंतर बदलतं. सोयाबीनला हेक्टरी 75 किलो बियाणं धरतात. टोकणीत ते 50 ते 55 किलोवर येतं.

पंजाबात भाताच्या काडात गहू पेरायला हॅपी सीडर आला. त्याला पुढे काड कापणारी फिरती पाती लागतात आणि ती फिरवायला दमदार ट्रॅक्टर. आपल्याकडे एवढ्याची गरज नाही. सोयाबीन थ्रेशरमधून निघतं, कुटार एका जागी पडतं, रानात राहतो तो चुरचुरीत पाला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा राइस तंत्र उभं केलं, ते कायमच्या गादीवाफ्यांवर आणि जमिनीतच ठेवलेल्या मुळांवर. पुढे पोकरा या राज्य सरकारच्या शेती प्रकल्पातून, ज्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत वाशिमही होता, हा विचार सोयाबीन-कपाशीच्या काळ्या मातीपर्यंत पोचला. जूनमधे रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन आणि त्याच वरंब्यावर, तो न मोडता, ऑक्टोबरात हरभरा: ही जोडी मला फार देखणी वाटते. कुजणारी मुळं जी वाट करून देतात, ती कोणत्याही नांगराला जमत नाही.

उणं आहेच. वाफसा नसेल तर काळी माती चोचीला लिंपते आणि यंत्र नुसतं फिरतं, दाणा पडतच नाही. तुरीचं जुनं धसकट आडवं आलं की चोच त्यावर आपटून उसळते. दहा-पंधरा एकरवाल्याला एकेक ओळ ढकलणं परवडत नाही. तो ट्रॅक्टरचं झिरो-टिल पेरणी यंत्र बघणार. त्याचा अरुंद फाळही हुशार आहे, पण तो सलग रेघ मारतो, आणि आपली माती वाळताना कधी कधी नेमकी त्या रेघेवरच भेगाळते. सुट्या भोकांत ही भीती कमी, असं माझं मत. शिवाय नांगर-वखर सोडले की तणाचा सगळा भार तणनाशकावर जातो. या पद्धतीचं कौतुक करणारे हे जरा हळू आवाजात सांगतात.

घ्यायला गेलात तर रंग आणि दांड्याची पकड नंतर बघा. आधी चोच हाताने दाबून सोडा. मिटताना तिच्यात फट राहत असेल, तर ते यंत्र वाशिमच्या मातीत चालायचं नाही.