शपथ आणि माळ

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागातल्या शाळा व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायला मला बोलावतात. कार्यक्रम बहुधा 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी असतो. (तंबाखूविरोधी दिन येतो 31 मेला, तेव्हा शाळांना सुट्टी!) मुलांची फेरी निघते, सडलेल्या जबड्यांची चित्रे लागतात, मग सारी शाळा हात पुढे करून शपथ घेते. फोटो निघाला की संपले.

शपथेला माझा विरोध नाही. माळ घालताना आपणही शब्दच देतो. पण माळ एकेकाच्या गळ्यात पडते, आणि घालणारा पुढच्या एकादशीला विचारतो, "काय रे, नेम चालला आहे ना?" शेकडो मुलांनी एका सुरात दिलेला शब्द नेमका कोणाला दिला? उद्या विचारणार कोण?

2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. दंड फार तर 200 रुपये. 2015 च्या बालन्याय कायद्यात मात्र मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे मुलांना कोणी सांगत नाही. गुन्हा देणाऱ्याचा, आणि शपथ मुलाने घ्यायची!

अंबरनाथच्या एका शाळेत सहावीतला पोरगा उठून म्हणाला, "आजोबा, भजनातले काका देवळामागे तंबाखू का मळतात?" हशा पिकला. गुरुजींनी त्याला खाली बसवले. माउली, तिथे मला राहवले नाही. चाळीस वर्षे माझ्याच कमरेला चंची होती. कीर्तनाला उभा राहण्याआधी मी चूळ भरायचो. माळेने दारू सुटली, मांस सुटले, पण तंबाखूला आपण व्यसन म्हणतच नव्हतो. मी त्या पोराला पुन्हा उभे केले आणि हे सगळ्यांसमोर सांगितले.

मग भाषण राहिलेच बाजूला. एकाने विचारले, बाबा पिऊन येतात तेव्हा आईजवळ थांबायचे की शेजारी जायचे? एका मुलीचा भाऊ खोकल्याचे औषध बाटलीभर पितो. त्याला न्यायचे कुठे? सरकारचा 14446 हा मदतीचा क्रमांक आहे, पण त्या दिवशीच्या एकाही फलकावर तो नव्हता. मी खडूने फळ्यावर लिहिला. घंटा झाली तेव्हाही तीन हात वर होते, आणि आभारप्रदर्शनाला उशीर होत होता.